काचतंतू, राळ आणि मोटारगाडी : एका नव्या विद्येचे शिक्षण

आपल्या ट्रस्टच्या विद्यार्थी-साहाय्य निधीचा आधार घेऊन इंजिनिअरिंगची पदवी मिळविणारी मुले-मुली आता वडोदऱ्यातील मराठी वस्तीत घरोघर दिसतात. पदवी हाती आली की पुढे काय, हा प्रश्न घेऊन ती शाळेतील जुन्या शिक्षकाकडे येतात आणि त्यांच्या मागोमाग पालकही येतात. पालकांचे म्हणणे बहुधा एकच असते : चार वर्षे शिकून झाले, आता नोकरी. हे म्हणणे चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. घरच्या अडचणी घरच्यांनाच ठाऊक. परंतु काही विद्या अशा आहेत की त्यांत पदवीवर थांबणे म्हणजे उंबरठ्यावरून परत फिरणे होय. मोटारधंद्यासाठी लागणाऱ्या पॉलिमर-संमिश्र पदार्थांची विद्या ही त्यांपैकीच एक. ती काय आहे, ती पदवीनंतरच का शिकावी लागते, आणि परदेशात तिचे शिक्षण कसे बसविले गेले, हे ह्या लेखात थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

संमिश्र म्हणजे काय?

नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. मातीच्या भिंतीला गिलावा करताना आपले आजे-पणजे मातीत भुसा मिसळीत. त्यामुळे माती वाळताना तडकत नसे. उत्तरायणात आपल्या शहरावर उडणारा पतंग पाहावा. नुसता कागद वाऱ्याने फाटेल, नुसती कामटी उडणार नाही. खळीने दोन्ही एकजीव झाली की पतंग वाऱ्याशी झुंजतो. मोहरमचा ताबूत बांधणारा कारागीर कळकाच्या कामट्या, कागद आणि खळ एवढ्याच सामानातून पुरुषभर उंचीचा डोलारा उभा करतो, आणि तो माणसांच्या खांद्यांवरून सहज जातो. ताण घेणारा एक पदार्थ आणि त्याला जागेवर धरून ठेवणारा दुसरा पदार्थ, असे दोन मिळून जे बनते ते संमिश्र.

मोटारीतील संमिश्रांत ताण घेण्याचे काम काचेचे किंवा कार्बनचे तंतू करतात. त्यांना धरून ठेवण्याचे काम रेझीन, म्हणजे कारखान्यात बनविलेली राळ, करते. रेझीन हे पॉलिमर आहे. मराठी परिभाषेत पॉलिमराला बहुवारिक म्हणतात, कारण त्यात लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन लांबच लांब साखळी झालेली असते. असे प्रचंड रेणू असू शकतात हे जर्मन रसायनज्ञ हेरमान स्टाउडिंगर ह्यांनी १९२० साली मांडले, तेव्हा अनेक विद्वानांनी ते मानले नाही. पुढे १९५३ साली त्यांना ह्याच कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

काच तर ठिसूळ. मग तिचा तंतू ताण कसा घेतो? ह्याचे उत्तर इंग्लंडमधील ग्रिफिथ ह्यांनी १९२० च्या सुमारास शोधले. काच फुटते ती तिच्यातील सूक्ष्म चिरांमुळे. तंतू जितका बारीक, तितकी मोठी चीर त्यात मावण्याची शक्यता कमी, म्हणून बारीक तंतू जाड काचेच्या मानाने कितीतरी बळकट निघतो. आज वापरात असलेला काचतंतू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहून किंचित जाड असतो. कार्बनतंतू त्याच्याही निम्मा.

मोटारधंद्याला ह्याचे अगत्य का?

कारण वजन. एक घन सेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम भरते, ॲल्युमिनियमचे २.७ ग्रॅम, काचतंतूच्या संमिश्राचे साधारण १.८ ते २ ग्रॅम, तर कार्बनतंतूच्या संमिश्राचे १.६ ग्रॅमच्या आसपास. गाडीचे वजन दहा टक्क्यांनी घटले तर तेवढ्याच इंधनात ती सहा ते आठ टक्के अधिक अंतर जाते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीत बॅटरीचेच ओझे मोठे असते. म्हणून तेथे सांगाड्याचे वजन कमी करणे अधिकच निकडीचे ठरते.

अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोलेटची कॉर्व्हेट गाडी काचतंतूंच्या अंगाची निघाली. पहिल्या वर्षी अशा अवघ्या ३०० गाड्या बनल्या. पूर्व जर्मनीतील त्राबांट गाडीचे पत्रे तर पत्रे नव्हतेच : कापसाचा टाकाऊ तंतू आणि फिनॉलिक रेझीन दाबून ते बनवीत, आणि ती गाडी १९५७ पासून १९९१ पर्यंत निघत राहिली. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानी कारखान्याने १९८० च्या दशकात डॉल्फिन ही काचतंतूंच्या अंगाची लहान गाडी काढली होती. शर्यतीच्या गाड्यांत मॅक्लारेनने १९८१ साली कार्बनतंतूंचा सांगाडा आणला. बीएमडब्ल्यूच्या आय-थ्री ह्या विजेच्या गाडीत माणसे बसण्याचा सबंध कोठाच कार्बनतंतूंचा होता. २०१३ ते २०२२ ह्या काळात अशा अडीच लाखांवर गाड्या निघाल्या.

मूळ अडचण

येथपर्यंत वाचल्यावर कोणी विचारील की, पदार्थ इतका गुणी आहे तर पोलाद सोडून सर्वांनी तोच का घेतला नाही? किंमत हे एक कारण आहेच. पोलादाचा पत्रा प्रेसखाली काही सेकंदांत आकार घेतो, तर रेझीन साच्यात घट्ट होण्यास कित्येक मिनिटे लागू शकतात. दिवसाला शेकडो गाड्या काढणाऱ्या कारखान्याला हा फरक सोसत नाही. परंतु ह्याहून खोल असे एक कारण आहे, आणि तेच शिक्षणाच्या प्रश्नाशी येऊन भिडते.

ते समजण्यासाठी घरी करता येण्याजोगा एक प्रयोग सांगतो. वर्तमानपत्राचा कागद वरून खाली फाडावा. तो बहुधा सरळ फाटतो. मग आडवा फाडावा. फाट वेडीवाकडी जाते. कागद तयार होताना त्यातील तंतू मुख्यतः एका दिशेने झोपतात, त्याचा हा परिणाम. आता ह्याच कागदाच्या दोन सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब अशा पट्ट्या कापाव्यात. काही पट्ट्यांत तंतू लांबीच्या दिशेने असावेत, काहींत रुंदीच्या. मैद्याच्या खळीने आठ-आठ पट्ट्या एकावर एक चिकटवून तीन फळ्या कराव्यात : पहिली सर्व उभ्या तंतूंची, दुसरी सर्व आडव्या तंतूंची, तिसरी पुन्हा उभ्या तंतूंची, पण तिच्या मधल्या थरांत एका ठिकाणी खळ मुद्दाम लावू नये. दोन दिवस वाळल्यावर प्रत्येक फळी दोन पुस्तकांवर टेकवून मध्ये दोऱ्याने डबी टांगावी आणि तिच्यात हळूहळू वाळू घालावी.

पहिली फळी दुसरीहून ताठ असल्याचे दिसेल. कागद तोच, खळ तीच, वजनही तेच. फरक केवळ तंतूंच्या दिशेचा. तिसरी फळी बाहेरून अगदी पहिलीसारखी दिसते, पण भार वाढू लागला की खळ नसलेल्या जागी तिचे थर एकमेकांवरून सरकतात आणि ती लवकर वाकते.

हा खेळ लहान असला तरी त्यात सगळी विद्या साठविलेली आहे. पोलादाचा पत्रा कारखान्यात येतो तेव्हा त्याची ताकद गिरणीतच ठरलेली असते. कारखाना त्याला फक्त आकार देतो. संमिश्राची गोष्ट तशी नाही. तेथे पदार्थ आणि वस्तू एकाच साच्यात, एकाच वेळी जन्म घेतात. तंतू कोणत्या दिशेने मांडले, रेझीन सगळीकडे पोहोचले की नाही, हवेचे बुडबुडे राहिले की निघाले, साचा किती तापला, ह्यांवर त्या वस्तूची ताकद ठरते. एकाच दिशेच्या कार्बनतंतूंचे संमिश्र तंतूंच्या दिशेने ओढले असता जेवढा ताण घेते, त्याच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याएवढाच ताण ते आडवे ओढले असता घेते. म्हणजे नकाशा काढणाऱ्याने कागदावर दाखविलेली दिशा साच्यावर काम करणाऱ्याच्या हातून थोडी हुकली की हिशेब कोसळतो. शिवाय दोष आत लपतो. लोखंडी पत्र्याला ठोकर बसली तर पोचा दिसतो. संमिश्राच्या अंगावर खूणसुद्धा न उमटता आतले थर सुटलेले असू शकतात.

म्हणून रसायन एकाने शिकावे, यंत्रशास्त्र दुसऱ्याने, साचेकाम तिसऱ्याने आणि परीक्षण चौथ्याने, ही आपल्या महाविद्यालयांची नेहमीची वाटणी येथे लंगडी पडते. पदवीच्या चार वर्षांत विद्यार्थी ह्यांपैकी एक दालन पाहतो. चारही दालनांतून एकाच वस्तूच्या मागे फिरण्याची संधी त्याला पदवीनंतरच मिळू शकते.

लोखंडाच्या गावातील उदाहरण

हे शिक्षण कसे बसविता येते ह्याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात सापडते. हे शहर १८७१ साली वसले ते लोखंडासाठीच. लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी ह्या तिन्ही वस्तू तेथे जवळजवळ मिळत, म्हणून इंग्लंडमधील लोहनगरीचे नाव त्याला दिले. शहराचे दैवत म्हणावे असा व्हल्कनचा ५६ फूट उंच ओतीव लोखंडी पुतळा आजही टेकडीवर उभा आहे. पण काळ बदलला. १८८२ साली पेटलेली स्लॉस येथील भट्टी १९७१ साली विझली; आता तेथे संग्रहालय आहे. पुढे त्या राज्यात मोटारींचे कारखाने आले : १९९७ साली व्हान्स येथे मर्सिडीजची, २००१ साली लिंकन येथे होंडाची आणि २००५ साली मॉन्टगोमेरी येथे ह्युंदाईची गाडी निघू लागली.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९९८ साली एक योजना सुरू केली होती. तिचे नाव 'ग्रॅज्युएट ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी एज्युकेशन', आद्याक्षरांनी 'गेट'. आपल्याकडे गेट म्हणजे एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा, तिकडची गेट म्हणजे निवडक विद्यापीठांत मोटारविद्येच्या एकेका शाखेचे पदव्युत्तर केंद्र. इंधन वाचविणाऱ्या गाड्या बनविण्यासाठी यंत्रांच्या आधी माणसे घडवावी लागतील, हा त्या योजनेमागचा विचार. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठात अशा केंद्राला हलक्या वजनाचे पदार्थ आणि त्यांची घडण हा विषय मिळाला. २०११ साली खात्याने सात विद्यापीठे निवडली, त्यांतही ते होते. तेथील कामाची धुरा वाहणारे प्राध्यापक उदय वैद्य ह्यांचा मोटार, ट्रक आणि सार्वजनिक वाहनांतील संमिश्रांवरील इंग्रजी ग्रंथ २०११ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते टेनेसी विद्यापीठात आणि ओक रिज प्रयोगशाळेत गेले. त्याच टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे संमिश्रांच्या उत्पादनासाठी २०१५ साली एक राष्ट्रीय संस्था जाहीर झाली, आणि विद्यार्थ्यांना कारखान्यात व प्रयोगशाळेत उमेदवारी देणे हे तिने आपल्या कामाचे अंग मानले.

ह्या उदाहरणात आम्हांस महत्त्वाची वाटते ती इमारत किंवा पैसा नव्हे; महत्त्वाची वाटते ती रचना. वर्ग आणि कार्यशाळा ह्यांच्यामध्ये तेथे भिंत ठेवली नाही. रेझीनच्या रसायनाचा अभ्यास करणारा विद्यार्थी साच्यापाशी उभा राहतो, आणि आपण केलेली फळी आपणच यंत्रावर मोडून पाहतो. शोधाचा विषय कारखान्याच्या अडचणीतून येतो.

काय शिकावे लागते?

ह्या विद्येच्या अभ्यासक्रमाचे चार खांब मानता येतील.

पहिला खांब रसायनाचा. रेझीनच्या दोन जाती आहेत. एक गुळासारखी : तापविली की वितळते, निवली की घट्ट होते, आणि पुन्हा तापविता येते. दुसरी उकडलेल्या अंड्यासारखी : एकदा घट्ट झाली की पुन्हा पातळ होत नाही. पहिलीस थर्मोप्लास्टिक आणि दुसरीस थर्मोसेट म्हणतात. पॉलिएस्टर रेझीन घट्ट करण्यासाठी शंभर भागांस एक-दोन भाग पेरॉक्साइड घालतात. प्रमाण वाढले तर रेझीन भलतेच तापून तडकते. आणि कोबाल्टचे द्रव्य पेरॉक्साइडमध्ये थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो. विद्यार्थ्याच्या सुरक्षिततेचा पहिला धडा हा असतो.

दुसरा खांब यंत्रशास्त्राचा. दिशेप्रमाणे बदलणाऱ्या ताकदीचा हिशेब कसा करावा, थर कोणत्या कोनांत मांडावेत, आणि टक्कर झाल्यावर वस्तू कशी मोडावी, हे येथे येते. धातूची नळी टकरीत घड्या पडून शक्ती शोषते. संमिश्राची नळी नीट योजलेली असेल तर टोकापासून चुरा होत जाते आणि वजनाच्या मानाने अधिक शक्ती शोषते. नीट योजलेली नसेल तर एकदम काडकन तुटते. ह्या दोहोंतील अंतर म्हणजे प्रवाशाचा जीव.

तिसरा खांब घडणीचा. हाताने थर लावणे, निर्वात पिशवीने रेझीन ओढणे, बंद साच्यात दाबाने भरणे, लांब तंतूंचे थर्मोप्लास्टिक तापवून प्रेसखाली दाबणे, अशा अनेक रीती आहेत. कोणती रीत किती वेळ घेते आणि किती पैसा खाते, हे जाणल्याशिवाय मोटारधंद्यात एक पाऊल टाकता येत नाही.

चौथा खांब परीक्षणाचा आणि वस्तूच्या शेवटाचा. ध्वनिलहरींनी आतले सुटलेले थर शोधणे, उष्णता व ओल ह्यांचा परिणाम पाहणे, आणि गाडी मोडीत निघाल्यावर तिचे काय करायचे ते आधीच ठरविणे. युरोपीय संघाने २००० सालच्या आदेशाने असा नियम केला की, २०१५ पासून मोडीत काढलेल्या गाडीच्या वजनापैकी ८५ टक्के भाग पुन्हा वापरात आला पाहिजे. उकडलेल्या अंड्याच्या जातीचे रेझीन येथे अडचणीचे ठरते. म्हणून ताग, अंबाडीसारखे वनस्पतिज तंतू आणि गुळाच्या जातीचे रेझीन ह्यांकडे संशोधकांचे लक्ष गेले आहे.

आपल्या वाटा

ही विद्या शिकण्यासाठी प्रत्येकाने अमेरिकेस जावे असे मुळीच नाही. प्लास्टिकविद्येची केंद्रीय संस्था, सिपेट, १९६८ साली मद्रासला निघाली आणि आज तिची केंद्रे अहमदाबाद, हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर अशी देशभर आहेत. मुंबईतील १९३३ सालच्या रसायन-तंत्रज्ञान संस्थेत पॉलिमरांचे, तर खरगपूरच्या आय.आय.टी.त रबराचे उच्च शिक्षण मिळते. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय. ही मोटार-संशोधन संस्था गाड्यांचे परीक्षण करते आणि शिक्षणही देते. आपल्या गेट परीक्षेत अभियांत्रिकी-विज्ञानाच्या पेपरात पॉलिमरांचा स्वतंत्र भाग आहे, हे अनेक पदवीधरांना ठाऊकच नसते. त्या परीक्षेत चांगले यश मिळवून एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यास सरकारी विद्यावेतन मिळण्याची सोयही आहे.

आणि वडोदऱ्याला तर हा विचार परका नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन काढले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनज्ञ होते, आणि रंगकामापासून यंत्रकामापर्यंत हाताचे कसब व शास्त्राचे ज्ञान एकाच छपराखाली शिकविणे हा त्या संस्थेचा हेतू होता. तेच कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान-शाखा झाले. ज्या शहराजवळ १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्सचा प्रकल्प उभारण्याचा निर्णय झाला, त्या शहरातील मुलांनी प्लास्टिक म्हणजे केवळ बादल्या आणि पिशव्या असे समजावे, हे शोभत नाही.

ट्रस्टपुढे मांडावयाच्या गोष्टी

शेवटी तीन सूचना. पहिली : साहाय्य निधीतून पदवीनंतरच्या शिक्षणासाठी वर्षाला एक तरी वेगळी शिष्यवृत्ती ठेवावी. चार पदवीधरांस थोडे थोडे देणे चांगलेच. पण दोन वर्षे घरी पैसा न आणता शिकण्याची हिंमत ज्या घरात नाही, तेथील एका हुशार मुलाला किंवा मुलीला पूर्ण आधार देणे त्याहून कठीण आणि म्हणून अधिक गरजेचे आहे. मुलींचा उल्लेख मुद्दाम करतो. "नोकरी नाही तर लग्न" ह्या दोन शब्दांत त्यांचे पुढचे शिक्षण संपते. प्रयोगशाळेत बारीक तंतू नेमक्या दिशेने मांडणारा हात मुलाचा की मुलीचा, हे यंत्राला कळत नाही.

दुसरी : शिष्यवृत्ती देताना गुणपत्रिकेबरोबर उमेदवाराने स्वतःच्या हाताने बनविलेली एखादी वस्तू पाहावी. ह्या विद्येत हात आणि डोके वेगळे ठेवून चालत नाही, हे वर सांगितलेच आहे. पतंग बनविणाऱ्याच्या, सुताराच्या, गॅरेजवाल्याच्या घरातील मुलाजवळ हे भांडवल आधीच असते; गुणपत्रिकेत त्याचा रकाना नसतो, एवढेच.

तिसरी सूचना अगदी स्वस्त आहे. ट्रस्टच्या सभागृहात वर्षातून एक दिवस नववी-दहावीच्या मुलांकडून वर सांगितलेला कागद-खळीचा प्रयोग करवून घ्यावा. खर्च मैदा, रद्दी आणि वाळू एवढाच. तिसरी फळी वाकताना पाहिली की आतला दोष बाहेरून का दिसत नाही, हे ज्याच्या मनात रुजेल, त्याला ह्या विद्येचे दार अर्धे उघडलेच असे समजावे. उरलेले अर्धे उघडण्यास पैसा लागतो, आणि तेथेच ट्रस्टचे काम सुरू होते. विश्वस्तांनी ह्या गोष्टींचा विचार करावा, अशी विनंती करून लेख पुरा करतो.